दारावर टांगलेला कॅम

त्या अर्जात मी रागाचा एकही शब्द येऊ दिला नव्हता. अर्ज लिहिणाऱ्याने आपला राग घरी ठेवावा, हा माझ्या धंद्याचा नियम आहे आणि अंधेरीच्या कचेरीबाहेर टेबल मांडल्यापासून तो मी पाळत आलो आहे. परंतु घरी ठेवलेला राग विरत नाही, तो घरीच बसून राहतो. या गोष्टीला काही वर्षे झाली तरी तो तसाच आहे. म्हणून जे अर्जात लिहिले नाही ते येथे लिहीत आहे. येथे मला कोणाची भीड नाही.

माझे शिक्षण नववीपर्यंत झाले. पुढचे झाले नाही याचे मला दुःख नाही, कारण माझ्या हातचा अर्ज पदवीधराच्या अर्जाशेजारी ठेवला तर कोणता आधी वाचला जातो हे कचेरीतला शिपाईसुद्धा सांगेल. रेशनकार्ड, भाडेकरूंचे तंटे, वारसाच्या नोंदी, नळाचे पाणी, सगळे माझ्या टंकलेखन यंत्राखालून गेले आहे. या सगळ्या वर्षांत मी एकच गोष्ट कटाक्षाने सांभाळली. एका अर्जात एकच मागणी. माणूस दुःखात असला की त्याला दहा गोष्टी मागायच्या असतात. दहा मागितल्या की साहेब त्यातली सर्वांत कच्ची निवडतो, ती नाकारतो आणि उरलेल्या नऊही त्याच शाईत बुडवतो.

आता माझ्या मेहुण्याविषयी. तो माझ्या पत्नीचा धाकटा भाऊ. माझे सासरे कोकणातून आलेले. तरुणपणी ते गलबतावर होते, पुढे गिरणीत लागले आणि वाकोल्याला बिऱ्हाड केले. मुलाने गिरणीचे तोंड पाहिले नाही. तो टॅक्सीच्या इंजिनांवर शिकला आणि मरोळच्या औद्योगिक वसाहतीच्या मागच्या अंगाला त्याने पत्र्याचा एक गाळा घेतला. स्वभावाने तो नम्र मुळीच नाही. कोणी त्याला मिस्त्री म्हटले की तो म्हणे, "मिस्त्री भिंत बांधतो. मी इंजिन बांधतो." मला हे बोलणे उद्धट वाटे. त्यात खोटे मात्र काही नव्हते.

त्या काळी उपनगरात मोटारशौकिनांचा एक क्लब होता. एका जुन्या धावपट्टीवर ते मोटारींच्या शर्यती भरवीत. रस्त्यावरची काळीपिवळी टॅक्सी ज्या जातीची, त्याच जातीच्या गाड्या हे लोक घेत आणि इंजिनात फेरफार करून त्या पळवीत. इंजिन बांधणाऱ्यांची नावे क्लबाच्या यादीत असत आणि यादीत नाव असलेल्यालाच दोरीच्या आत, गाड्यांपाशी जाता येई. मेहुण्याचे नाव त्या यादीत होते. त्या एका नावावर बोरिवलीपासून घाटकोपरपर्यंतची गाडी त्याच्या गाळ्याशी येऊन उभी राही. नाव गेले असते तर उरला असता पत्र्याचा गाळा आणि कार्बोरेटर साफ करण्याचे काम. पुढे जे घडले ते सगळे या एका नावावरून घडले, हे वाचणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

मुलुंडला रंगाचा कारखाना असलेला एक शेठ होता. त्याची शर्यतीची गाडी मेहुणा बांधीत असे. शेठची मनोरीला समुद्राकाठी बंगली होती. एका रविवारी त्याने क्लबाच्या समितीतल्या सर्व मंडळींना तेथे जेवायला बोलावले, आणि मेहुण्यालाही बोलावले. जेवायला नव्हे, काहीतरी दाखवायला. मला बोलावले कारण बंगलीच्या कुंपणाविषयी त्याला एक अर्ज लिहून हवा होता. मार्व्याच्या धक्क्यावरून आम्ही दोघे होडीने पलीकडे गेलो. मंडळी व्हरांड्यात वेताच्या खुर्च्यांवर बसली होती. आम्हाला खुर्ची कोणी दिली नाही. मी हे विसरलो नाही.

शेठने आतून एक लांबट पेटी आणली. तेलकट कागदातून एक लोखंडी दांडा निघाला. हातभर लांब, आरशासारखा घासलेला, आणि त्यावर ओळीने अंड्याच्या आकाराचे उंचवटे. परदेशातून कोणाच्या तरी हाती आणवलेला शर्यतीचा कॅमशाफ्ट. आमच्याकडे त्याला नुसते कॅम म्हणतात. समितीच्या अध्यक्षांनी तो दोन्ही हातांत घेतला, उन्हात फिरवून पाहिला आणि शेजाऱ्याकडे दिला. शेजाऱ्याने त्याच्या शेजाऱ्याकडे. सोयरिकीत सोन्याचा दागिना फिरावा तसा तो कॅम त्या व्हरांड्यात फिरला. प्रत्येकाने वजन घेतले, प्रत्येकाने काहीतरी शहाणपणाचे बोलून दाखवले. शेवटी तो मेहुण्याकडे आला.

त्याने अंगठ्याने ते उंचवटे चाचपले. "माल झकास आहे," तो म्हणाला. "पण शेठ, आपल्या गाडीला टर्बो लावायचा ठरलाय ना? मग हा नाही चालणार."

"का रे? तिकडे रेसला हेच लावतात."

"टर्बो नसलेल्या गाडीला लावतात. दोघांतला एक काय तो घ्या. टर्बो हवा असेल तर कॅम आखूडच राहील."

"टर्बो पण माझा, कॅम पण माझा," शेठ म्हणाला. "दोन्ही लाव ना यार. दोन्हीची ताकद मिळेल."

"बेरीज नाही होत शेठ. वजाबाकी होईल."

मंडळी हसली. अध्यक्षांनी, हे सद्गृहस्थ अंधेरीच्या एका टेकडीवरील बंगल्यात राहत, हात उंचावून म्हटले, "अहो, सांगू दे त्याला. ऐकू तरी."

तेव्हा त्याने सांगितले, आणि मोटारीतले मला काही कळत नसूनही मला कळेल असे सांगितले.

"इंजिनाच्या प्रत्येक खोलीला दोन दारं," तो म्हणाला. "एकातून पेट्रोल आणि हवा आत. दुसऱ्यातून धूर बाहेर. दारं कधी उघडायची, किती वेळ उघडी ठेवायची, ते हा कॅम ठरवतो. हा तुमचा लांब कॅम दोन्ही दारं बराच वेळ एकदम उघडी ठेवतो. साध्या इंजिनात ते बरं. धूर सुसाट बाहेर जातो आणि जाता जाता ताजी हवा आत ओढून घेतो. पण टर्बो म्हणजे काय? धुराच्या वाटेत बसवलेला पंखा. धुराने तो फिरतो आणि पलीकडचा पंखा हवा दाबून आत भरतो. म्हणजे धुराच्या वाटेत आता अडसर आला. धूर तुंबणार. तुंबला असताना दोन्ही दारं उघडी ठेवलीत, तर तो जाईल कुठे?"

"कुठे?"

"परत घरात. जळका गरम धूर ताज्या पेट्रोलात मिसळणार. सगळं आधीच तापलेलं, त्यात वरून दाब. मग ते वेळेआधी पेटतं, ठोके मारतं, आणि पिस्टनला भोक पडतं. टर्बोला दारं वेळच्या वेळी लावणारा कॅम पाहिजे. आखूड. गरीब दिसणारा."

 मग शेठ खुर्चीत मागे रेलून म्हणाला, "एवढा अभ्यास कुठे केलास रे? वाकोल्याच्या नाल्यावर?"

सगळा व्हरांडा हसला. अध्यक्षही हसले.

"हो," मेहुणा म्हणाला. "आणि तुमची गाडी तिथल्याच माणसाकडे येते."

परत येताना होडीत मी त्याला म्हणालो की मोठ्या माणसांशी असे बोलू नये. तो म्हणाला, "भाऊजी, तुम्ही त्यांच्या कुंपणाचा अर्ज उभ्याने लिहिलात. मी तरी बोललो."  त्याच्यावर रागावलो होतो, आणि त्या व्हरांड्यावर त्याहून अधिक.

शेठने शेवटी मान तुकवली, निदान तसे दिसले. मेहुण्याने आखूड कॅम बसवला, टर्बो बसवला, पेट्रोलचे माप त्या दोघांच्या हिशेबाने लावले. शर्यत दसऱ्यानंतरच्या रविवारी होती. खंडेनवमीला सगळे तयार झाले.

खंडेनवमीला गाळ्यात पूजा असे, आणि ती आमच्या घरचीच पूजा. पाने, पक्कड, हातोडे, टॉर्कचा मोठा पाना, सगळे धुऊन लाल कापडावर मांडायचे. झेंडूची फुले, हळदकुंकू, नारळ. पूजेत मांडलेल्या हत्याराला दसरा उलटेपर्यंत हात लावायचा नाही. त्या वर्षी शेठचे इंजिनही, गाडीत बसवलेले तसेच, पूजेत होते. पूजा झाली की मेहुणा इंजिनाला लाल नाड्याचा वेढा घाली, वरच्या झाकणावरून पुढच्या झाकणावर, अशा रीतीने की कोणतेही झाकण काढायचे तर आधी नाडा सोडावा लागे. गाठ सासऱ्यांची होती, गलबतावरची. ओढली की अधिक बसणारी, आणि कानाशी एक वळसा जास्त असलेली. ती गाठ त्या घरात फक्त सासऱ्यांना आणि मेहुण्याला येई.

आम्ही प्रसाद वाटीत होतो तोच शेठ आला. हातात ती लांबट पेटी.

"मिस्त्री, मन बदललं. हा पण लाव. आज संध्याकाळपर्यंत."

"हत्यारं पूजेत आहेत शेठ."

"मग काढ ना पूजेतून."

"नाही काढणार. आणि काढली असती तरी हा लावला नसता."

शेठ हसला. चप्पल घालूनच तो पूजेपर्यंत आला होता, माझ्या पत्नीने ते पाहिले. "तुमची ही नाटकं," तो म्हणाला. त्याने ड्रायव्हरला हाक मारली, गाडीची किल्ली घेतली आणि प्रसाद न घेता गाडी नेली.

येथे मेहुण्याची चूक झाली, आणि ती आमच्यासारख्यांकडूनच होऊ शकते. त्याला वाटले की पूजा झालेले, नाडा बांधलेले इंजिन कोणी उघडणार नाही. शेठ कितीही गुर्मीत असला तरी तेवढे कोणी करत नाही. मी म्हटले, "पेटी घेऊन गेलाय, जपून राहा." तो म्हणाला, "भाऊजी, नाडा आहे ना." जणू पोलीस चौकीचे सील होते. माझ्या पत्नीनेही मान डोलावली. देवाच्या कामात कोणी हात घालील ही कल्पनाच त्या भावंडांना शिवली नाही. शेठच्या लेखी मात्र हे इंजिन होते आणि तो दोरा होता, दुसरे काही नव्हते.

शर्यतीच्या दिवशी मी धावपट्टीवर होतो, दोरीच्या बाहेर. गाडी शेठच्या कारखान्यातून थेट तेथे आली. मेहुण्याने बॉनेट उचलले, आणि त्याच्या चेहऱ्यावर समाधान दिसले. नाडा जागेवर होता. वर कुंकूही होते. त्याने नाड्यावरून हात फिरवला आणि तो हात थबकला. मग तो वाकून पाहू लागला. गाठीला तो जास्तीचा वळसा नव्हता. साधी गाठ होती, पुडी बांधावी तशी.

तो सरळ होईतो शेठच्या ड्रायव्हरने इंजिन सुरू केले. ते उभ्या जागी लंगडत होते. नीट इंजिन एका लयीत चालते, हे थांबत, उसळत, पुन्हा थांबत होते. मला इंजिनातले काही कळत नाही, पण दम्याच्या माणसाचा श्वास मी ओळखतो.

"बंद कर!" मेहुणा ओरडला. "शेठ, कोणी खोललं हे? लांब कॅम टाकलात ना?"

"तू बाजूला हो. गाडी कशी घुमते बघ."

"घुमत नाही, ती गुदमरतेय! पळवू नका. माझं ऐका, वाट लागेल."

"मिस्त्री, बाजूला!"

ड्रायव्हरला उतरवून शेठ स्वतः चाकावर बसला. पुढचे लवकर झाले. दुसऱ्या फेरीपर्यंत गाडी पुढे होती आणि शेठचे लोक टाळ्या वाजवीत होते. मग पत्र्यावर हातोडा मारावा तसे ठोके ऐकू आले, पांढऱ्या धुराचा लोट उठला आणि गाडी धावपट्टीच्या कडेला जाऊन उभी राहिली. शेठ गाडीतून उतरला तो थेट मेहुण्याच्या अंगावर आला. सगळ्यांसमोर, बायकामुलांसमोर, तो म्हणाला, "हरामखोरा, काय इंजिन बांधलंस! जीव घेतला असतास माझा." अध्यक्ष तेथेच उभे होते. त्यांनी गाठ पाहिली नव्हती हे मी मान्य करतो. लंगडणारे इंजिन आणि मेहुण्याचे ओरडणे त्यांनी ऐकले होते. तरीही त्यांनी त्याच्या खांद्याला धरून त्याला दोरीबाहेर काढले.

आठवड्याभरात क्लबाचा निरोप आला. सदोष इंजिन बांधून चालकाचा जीव धोक्यात घातल्याबद्दल यादीतून नाव का काढू नये.

त्या संध्याकाळी वाकोल्याला आमच्या खोलीत जे झाले ते भांडणच होते. मी यंत्रात कागद चढवला. मेहुणा उभा राहून सांगू लागला.

"लिहा. इंजिन सगळ्यांसमोर उघडा. लिहा, शेठला क्लबातून काढा. लिहा, त्याने सगळ्यांसमोर माफी मागावी. लिहा, पूजेत चप्पल घालून आला."

"एकच," मी म्हणालो.

"एकच काय?"

"एकच मागणी लिहीन. इंजिन दोन्ही पक्षांव्यतिरिक्त तिसऱ्या हाताने समितीसमोर उघडावे. बस."

"आणि मला शिवी दिली ती? ती काय वाऱ्यावर?"

"ती नंतर."

माझी पत्नी चूल सोडून बाहेर आली. "अहो, दोन्ही लिहायला काय जातं तुमचं? कागद काय आखूड आहे? त्या मेल्याने माझ्या देवासमोर चप्पल घातली."

"बाई, तू मध्ये बोलू नकोस."

"का नको? भाऊ माझा आहे. आणि तुमच्या टेबलावर रांगेत नाही उभी मी."

मेहुण्याने माझ्या यंत्रावर हात ठेवला. "भाऊजी, तुम्हाला राग येत नाही का?"

मला राग येत नाही का! मनोरीच्या व्हरांड्यात उभा राहिलो तेव्हापासून मी जळत होतो. तरी मी त्याचा हात बाजूला केला आणि म्हणालो, "तूच त्या लोकांना काय सांगितलंस? दोन ताकदी एकत्र केल्या की बेरीज होत नाही. इंजिन उघडा ही एक मागणी. शेठला शिक्षा करा ही दुसरी. दोन्ही दारं एकदम उघडी ठेवलीस तर समिती दुसऱ्या दारातून धूर आत सोडील. म्हणतील, हा वैयक्तिक वैराचा मामला आहे, इंजिनाचा नाही. आणि इंजिन न उघडताच भंगारात जाईल."

त्याने यंत्रात चढवलेल्या कागदाकडे पाहिले. मग म्हणाला, "माझंच मला परत विकताय."

"फुकट देतोय."

"करा काय ता," तो मालवणीत म्हणाला, आणि जाऊन दारात बसला. पत्नी माझ्याशी दुसऱ्या दिवसापर्यंत बोलली नाही.

अर्ज पाऊण पानाचा झाला. शुद्ध मराठीत होता म्हणून क्लबाच्या कार्यालयात तो काही दिवस नुसता पडून राहिला. इंग्रजीत आणा, असे तिथला कारकून मला म्हणाला. मी म्हणालो, ज्याला शिवी मराठीत कळते त्याला अर्जही मराठीत कळेल. एका मागणीला नकार देण्याचे कारण सापडेना, म्हणून शेवटी त्यांनी ती मान्य केली.

सुनावणी क्लबाच्या वरच्या मजल्यावर झाली. सर्व समिती तीच, मनोरीच्या व्हरांड्यातली. तेथेही आम्हाला खुर्ची नव्हती. जमिनीवर गोणपाटावर शेठचे इंजिन ठेवलेले होते. मी आधी नाड्याची गोष्ट मांडली. एक सभासद म्हणाला, "आता गाठी बघून निकाल द्यायचा का?" बाकीचे हसले.  मी अर्जाची प्रत टेबलावर ठेवली आणि मागणीच्या ओळीवर बोट टेकवले.

क्लबाच्या तपासनिसाने इंजिन उघडले. पिस्टनला भोक होते, अंगठा जाईल एवढे. ते सर्वांनी पाहिले. मग त्याने पुढचे झाकण काढून कॅम बाहेर ओढला, पुसला आणि टेबलावर ठेवला. आरशासारखा घासलेला, उंच उंचवट्यांचा, तोच. काळसर डाग पडले होते, तरी ओळखू न येण्यासारखा मुळीच नव्हता. अध्यक्षांनी त्याच्याकडे पाहिले आणि लगेच खिडकीकडे पाहिले.

"हा कॅम कोणाचा?" त्यांनी विचारले.

शेठ सिगरेट विझवीत म्हणाला, "मला काय माहीत? इंजिन त्याने बांधलं. त्याचाच असेल."

मेहुण्याची मान ताठ झाली. तो आता ओरडणार आणि आपण संपणार, असे वाटून मी त्याचा सदरा मागून धरला. त्याने माझा हात सोडवला.

"शेठ, परत सांगा," तो म्हणाला. आवाज खाली होता. "हा तुमचा नाही?"

"नाही."

"नक्की?"

"अरे एकदा सांगितलं ना!"

"मग मी घेऊन जातो." त्याने खिशातून फडके काढले आणि कॅम त्यात गुंडाळू लागला. "अध्यक्षसाहेब, माझा आहे म्हणून मीच बसवला, असं लिहायचं असेल तर लिहा. माझं नाव काढा. पण लिहिण्याआधी तुमच्यापैकी एकेकाने मला सांगा की मनोरीला हा हातात घेतला नव्हता म्हणून. आणि तेव्हा मी काय बोललो होतो ते ऐकलं नव्हतं म्हणून."

शेठ खुर्चीतून अर्धवट उठला. त्याचा हात कॅमकडे गेलाही होता. मग त्याला आपलेच शब्द आठवले असावेत. तो पुन्हा बसला.

मी प्रत्येकाचे तोंड पाहिले. प्रत्येकाच्या हातातून तो दांडा गेला होता, प्रत्येकाने त्याचे वजन घेतले होते, प्रत्येकाने तोंड भरून स्तुती केली होती. एकजण चष्मा पुसू लागला. ज्याने गाठीवरून विनोद केला होता तो बूट न्याहाळू लागला. एकानेही "हो, हा शेठचा" म्हटले नाही. एकानेही "हा शेठचा नाही" असेही म्हटले नाही. सुशिक्षित, इभ्रतदार, पार्ल्या-अंधेरीत बंगले असलेली माणसे! माझ्या टेबलाशी येणारी मोलकरीण सुद्धा शेजाऱ्याची चोरीला गेलेली कळशी ओळखली तर ओळखली म्हणते, मग समोर कोणी का असेना.

अध्यक्षांनी घसा खाकरला. "प्रकरण बंद करण्यात येत आहे. कोणावरही कारवाई नाही. यादी आहे तशी राहील."

"म्हणजे हा निर्दोष?" मी विचारले.

"यादी आहे तशी राहील," ते पुन्हा म्हणाले. "ते पुरेसं आहे."

नाही. ते पुरेसे नव्हते आणि आजही नाही. धावपट्टीवर हजार लोकांच्या देखत ज्याला हरामखोर म्हटले, त्याला बंद खोलीत 'आहे तसा' ठेवले, याला न्याय म्हणत नाहीत. मी त्याच आठवड्यात दुसरा अर्ज लिहिला. त्यातही मागणी एकच: सदर इंजिनाच्या बिघाडास इंजिन बांधणारा जबाबदार नव्हता, एवढी एक ओळ समितीने सहीनिशी द्यावी. उत्तर आले नाही. दर दिवाळीनंतर मी तो नव्याने टाइप करून देतो, कारण जुन्या तारखेच्या अर्जाला ते जुने प्रकरण म्हणतात.

मेहुण्याने तो कॅम गाळ्याच्या दारावर टांगला आहे. इतर गाळ्यांवर लिंबूमिरची असते, याच्यावर हा. वारा आला की पत्र्यावर आपटतो. शेठची गाडी आता मरोळलाच दुसऱ्या एका गाळ्यात जाते आणि जाण्याचा रस्ता याच दारावरून आहे. काच वर असते. कॅम परत मागायचा तर तो आपला होता म्हणावे लागेल, आणि ते शेठला जमणारे नाही.

मागच्या महिन्यात मी गाळ्यात स्टुलावर बसलो होतो. एक गाडी येऊन थांबली. समितीतलाच माणूस, तो गाठीवर विनोद करणारा. त्याला गाडीला टर्बो लावून हवा होता.

"लावू," मेहुणा म्हणाला.

"आणि कॅम?"

"कॅम आहे तोच राहील."

त्या गृहस्थाने दाराकडे पाहिले. टांगलेला दांडा वाऱ्याने हलत होता. "हो, हो," तो घाईने म्हणाला. "तोच राहू दे. टर्बोला लांब कॅम नकोच, माहीत आहे मला."

मी उठलो. पिशवीतून अर्ज काढला. "साहेब, माहीत आहे म्हणता ना? मग एवढंच या कागदावर लिहा आणि सही करा."

त्याने माझ्याकडे असे पाहिले की जणू स्टूल बोलले.

"भाऊजी," मेहुणा म्हणाला, "गिऱ्हाईक आहे ते. तुमचा अर्ज तुमच्यापाशी राहू दे." आणि त्या माणसाला म्हणाला, "साहेब, गाडी आत घ्या. डावीकडून, जपून, डोक्याला लागेल."

तो गृहस्थ कॅमखालून मान वाकवून आत गेला. मी अर्ज पिशवीत परत ठेवला. घडी न मोडता ठेवला, पण रागानेच ठेवला.